घडून गेलेले पुन्हा घडवणे

भूतकाळातला एखादा प्रसंग पोशाख चढवून, शक्य तर त्याच जागी, पुन्हा उभा करण्याची हौस जगभर आहे. पोर्तुगालमधील सांता मारिया दा फेइरा या गावी मध्ययुगीन किल्ल्याभोवती १९९६ पासून दर उन्हाळ्यात असा सोहळा भरतो. गावकरी शिलेदार होतात, लोहार भाता फुंकतात, लुटुपुटीची लढाई होते, लोक खातात-पितात आणि घरी जातात. तेथे सोंग घेतलेल्या राजाला कोणी नैवेद्य दाखवत नाही. महाराष्ट्रात हीच हौस गडाच्या दारात पोहोचली की पायातले काढून ठेवते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत जिरेटोप घातलेल्या शाळकरी पोराला मुजरा करताना मोठ्या माणसांना संकोच वाटत नाही, आणि तो मुजरा त्या पोराला नसतो हे मुजरा करणारा व पोर दोघेही जाणतात. त्यामुळे इकडे हा प्रश्न धर्मविचाराचा होतो. घडून गेलेली गोष्ट पुन्हा घडवता येते का? येत असेल तर ती उपासना, नाट्य की नुसता खेळ? आणि यातना व मरण यांचीही पुनरावृत्ती करावी का?

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत हा प्रश्न फार जवळून पाहता येतो. भीमा या दोहोंच्या मधून वाहते. उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दौंडच्या हद्दीला लागून, नदीच्या उत्तर तीरावर श्रीगोंदे तालुक्यात पेडगावचा भुईकोट आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या नावावरून त्याला बहादूरगड म्हणत, आता धर्मवीरगड म्हणतात. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी मुकर्रबखानाने छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना पकडले. औरंगजेबाची छावणी त्यानंतर बहादूरगडावर आली. फेब्रुवारीच्या मध्याला दोघांना तेथे आणून, विदूषकी पोशाख घालून उंटांवरून धिंड काढण्यात आली. पुढे छावणी भीमेच्या काठाने वर कोरेगावच्या दिशेने सरकली आणि ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला, त्यांना ठार करण्यात आले. देहाचे तुकडे करण्यात आले होते. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर हवेली तालुक्यात आणि समाधी असलेले वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात आहे. दोन्ही गावे या मरणाची आठवण आपापल्या जागी धरून आहेत.

कैदेत असताना काय घडले याविषयी साधने एकमुखाने बोलत नाहीत. मोगल बाजूच्या फारसी लेखनात खजिना कोठे आहे आणि बादशाही सरदारांपैकी कोण मराठ्यांना सामील आहे, या विचारणांवर भर आहे. धर्मांतराची अट आणि तिला दिलेला नकार हा मराठी बखरींच्या परंपरेचा गाभा आहे. इतिहासकार दोन्ही समोर ठेवतो, कोणते लेखन केव्हाचे आणि कोणाच्या आश्रयाने झालेले ते पाहतो, आणि वाक्यात ‘अमक्याच्या मते’ असे घालून पुढे जातो. नटाला ही सोय नाही. रंगमंचावर उभ्या असलेल्या कैद्याला एकच वाक्य उच्चारावे लागते, आणि ते उच्चारले की ‘किंवा’ मरतो. कोणतेही महानाट्य हे साधनांचे भाषांतर नसून साधनांमधला निवाडा असते. फक्त हा निवाडा झाल्याचे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड स्वतः रोमन काळातील ब्रिटनचा उत्खननकार होता. त्याच्या मृत्यूनंतर १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ या ग्रंथात त्याने म्हटले, की इतिहास जाणणे म्हणजे गतकाळच्या माणसाचा विचार आपल्या मनात पुन्हा घडवणे. त्याला एक कडक मर्यादा त्यानेच घातली. पुन्हा घडू शकतो तो विचार. संवेदना त्या क्षणाबरोबर संपते. सेनापतीने नदी कोठे ओलांडायची हे का ठरवले, ते आज नकाशा पुढे घेऊन पुन्हा ठरवता येते. त्याला त्या पहाटे वाजलेली थंडी कोणालाही पुन्हा वाजत नाही. ही कसोटी १६८९ ला लावली, तर कैद्याने दिलेला नकार पुन्हा विचारता येतो: राज्य हाती नाही, सुटकेची आशा नाही, समोर बादशहा आहे, अशा वेळी मान का तुकवायची नाही? डोळ्यांत फिरलेल्या सळ्या पुन्हा घडवता येत नाहीत. गंमत अशी, की पुनर्निर्मितीचा सगळा खर्च आणि कसब ज्यावर ओतले जाते ते नेमके या दुसऱ्या बाजूवर, कारण ती दिसते. नकार आत घडतो. तो दाखवायला नटाला स्तब्ध उभे राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

आणखी एक गोष्ट कोणत्याही पुनर्निर्मितीतून गळून पडते, ती म्हणजे अनिश्चितता. मूळ प्रसंगातल्या कोणालाही पुढचे ठाऊक नव्हते. सोंग घेणाऱ्या प्रत्येकाला शेवट पाठ असतो. धैर्याचे सारे मोल शेवट ठाऊक नसण्यात असल्याने, धैर्याचा देखावा हा मुळातच धैर्याहून वेगळा पदार्थ आहे.

धर्मपरंपरेने मात्र पुनरावृत्तीचा दुसराच मार्ग काढला आहे आणि तिला ही अडचण भासत नाही. रामनवमीला देवळात कीर्तन सुरू असते. कीर्तनकाराचा एक डोळा घड्याळावर असतो. आख्यान कितीही रंगले तरी बाराच्या ठोक्याला जन्म व्हायलाच हवा. तेवढ्यात गुलाल-फुले उधळली जातात, पाळण्याची दोरी बायकांच्या हातात जाते, सुंठवडा वाटला जातो. राम फार पूर्वी जन्मला होता असे त्या क्षणी कोणी म्हणत नाही. तो आत्ता जन्मतो. रूमानियन धर्माभ्यासक मिर्चा एलिआदे याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात अशा विधींचे स्पष्टीकरण दिले, की विधी माणसाला आरंभीच्या पवित्र काळात परत नेतो, त्यामुळे तो काळ सरून गेलेला उरत नाही. पंचांगाची तिथी हे त्याचे साधन आहे. तारीख निघून जाते, तिथी परत येते. शिवजयंतीच्या तिथी-तारखेच्या वादात इतिहाससंशोधनाची बाजू असली, तरी त्याच्या तळाशी काळाविषयीचे हे दोन समज आहेत: १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस एकदाच उगवला, आणि फाल्गुन वद्य तृतीया दरवर्षी उगवते.

रामजन्माचा पाळणा आता शिवजयंतीलाही हलवतात. नऊवारी नेसलेल्या बायका फुलांनी सजवलेला पाळणा झुलवतात, त्यात बाळशिवाजीची मूर्ती असते, नाव ठेवले जाते. राम अवतार होता, त्याची लीला कालातीत मानायला शास्त्राची परवानगी आहे. शिवाजी महाराज तारीख-वारासह नोंदलेले पुरुष होते. पाळणा एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेला, तेव्हा एका ऐतिहासिक जन्माला तिथीच्या फिरत्या काळात जागा मिळाली. त्याने प्रेम वाढते यात शंका नाही. त्याचबरोबर कागदपत्रांनी उपस्थित केलेल्या शंका अभद्र वाटू लागतात, कारण पाळण्याजवळ उभे राहून कोणी पुरावा मागत नाही. संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा येतो, यावरून गुढीची प्रथाच त्या घटनेतून सुरू झाल्याचे सांगण्यात येते. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी वाङ्मयात गुढीचे उल्लेख आहेत, एवढ्यावर हा दावा संपायला हवा. तो संपत नाही, याचे कारण विधी आणि घटना यांची सांगड मनाला हवी असते.

तिथीपेक्षा निराळा मार्ग वारीचा. तुकोबांची पालखी देहूहून निघते, पुण्यानंतर लोणी काळभोरला थांबते आणि दौंड तालुक्यात यवत व वरवंड येथे मुक्काम करते. यवतला पिठले-भाकरीचा बेत ठरलेला आहे. घरोघर भाकरी थापल्या जातात, भैरवनाथाच्या देवळाकडे टोपल्यांनी पोहोचतात, पिठले मोठ्या कढयांत रटरटते, आणि हजारो वारकरी पंगतीला बसतात. या सगळ्या गर्दीत तुकारामांचे सोंग घेतलेला एकही माणूस नसतो. पालखीत पादुका असतात, म्हणजे पावलांची खूण, पाऊल नसते. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रिंगणाला धावणाऱ्या दोन अश्वांपैकी माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. ती जागा मोकळी ठेवणे हाच तेथला शिष्टाचार आहे. तुकारामपुत्र नारायण महाराजांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून हा सोहळा बांधला, असे परंपरा सांगते. वारकरी तुकोबा होत नाही, तुकोबा जे करीत ते करतो: चालतो, भजन करतो, पंढरीला जातो. व्यक्तीचे सोंग आणि कृतीची पुनरावृत्ती यांतला हा फरक पुढच्या साऱ्या विचाराला आधार देणारा आहे. सोंग पाहणाऱ्यासाठी असते. चालण्याला पाहणारा लागत नाही, आणि पायांना फोड खऱ्याखुऱ्या वाटेचे येतात.

महानुभावांनी तर स्मरणाची पद्धतच बसवली. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि ‘स्थानपोथी’ने स्वामी कोठे बसले, कोठे निजले, कोठे जेवले याची नोंद ठेवली. अनुयायी त्या ओट्यांना नमस्कार करतात आणि तेथे घडलेली लीळा मनात आणतात. येथे पोशाख नाही, संवाद नाही, प्रेक्षक नाही. आहे ती जागा आणि आठवण. विरहात कृष्णाच्या लीलांचे अनुकरण करणाऱ्या गोपी भागवताच्या दशमस्कंधात आहेतच, पण ते अनुकरण त्यांनी कोणाला दाखवण्यासाठी केले नव्हते. कृष्ण दिसेना म्हणून त्या कृष्ण झाल्या.

शिरूर तालुक्याच्या सीमेवरच कृतीच्या पुनरावृत्तीचे आधुनिक रूपही सापडते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन स्टाँटन मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची सुमारे पाचशेची पलटण, थोडे घोडदळ आणि मद्रास तोफखान्याचे दोन तोफांसह गोलंदाज घेऊन शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाला आणि सकाळी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेसमोर आला. कंपनीच्या पायदळात महार सैनिकांची संख्या मोठी होती. पेशव्यांच्या बाजूने गावात शिरून लढलेल्यांत अरब, गोसावी आणि मराठे होते. पुढे नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत उभारलेल्या स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या अखेरीस महार ओळख सांगणारे ‘नाक’ आहे. दर १ जानेवारीला तेथे लाखो लोक येतात. समता सैनिक दलाचे सैनिक आणि महार रेजिमेंटचे निवृत्त जवान गणवेशात सलामी देतात. लढाईचा देखावा मात्र होत नाही. कोणी पेशव्यांचा अरब होत नाही, कोणी स्टाँटन होत नाही. वरवर पाहता १८१८ ची आठवण होते. प्रत्यक्षात तेथे पुन्हा घडते ती १ जानेवारी १९२७ ची गोष्ट, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभाला दिलेली भेट. वारीतही असेच आहे. पुनरावृत्ती होते ती मुख्यतः नारायण महाराजांनी घालून दिलेल्या सोहळ्याची. स्मरणाचे विधी मूळ घटनेपेक्षा आधीच्या स्मरणाची नक्कल अधिक इमानाने करतात, आणि त्यात वावगे काही नाही. घटना एकदा घडते, परंपरा दरवर्षी चालवावी लागते.

याच्या अगदी टोकाचे उदाहरण शिरूर गावात, म्हणजे घोडनदीत आहे. कर्नल विल्यम वॉलेस हा कंपनीचा अधिकारी १८०९ साली वारला आणि तेथे पुरला गेला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की लोक त्याला सत्पुरुष मानतात, ब्राह्मण व मारवाडी सोडून गावातले आणि भोवतालच्या खेड्यांतले हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करतात, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून आणतात. त्याने कोणत्या लढाया केल्या याच्याशी नैवेद्य आणणाऱ्यांना कर्तव्य नव्हते. चरित्र गळून पडले, विधी उरला. इतिहासाच्या दृष्टीने ही विस्मृती आहे. धर्माच्या दृष्टीने हे पूर्ण स्मरण आहे, कारण भल्या माणसाला जेवायला वाढणे याहून त्याची आणखी कोणती आठवण ठेवायची? एका टोकाला वॉलेसचे थडगे, दुसऱ्या टोकाला पुराभिलेखागार. गावोगावचे सजीव देखावे, चित्ररथ आणि महानाट्ये या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतात.

ही मधली जागा समजून घ्यायला भारतीय नाट्यविचार उपयोगी पडतो. नवव्या शतकातला शंकुक म्हणे, की नट हा रामाचे अनुकरण करतो. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशय नसतो आणि नुसते साम्यही नसते. नटाला पाहून ‘हा राम’ म्हणणे तसेच. इसवी सन हजाराच्या आसपास काश्मिरात अभिनवगुप्ताने यावर जो आक्षेप घेतला तो आजही खोडता येत नाही. अनुकरण कशाचे? रामाला नटाने पाहिलेले नाही, प्रेक्षकानेही नाही; न पाहिलेल्याची नक्कल होत नाही. शिवाय दुसऱ्याची नक्कल केली तर हसू येते, रस निष्पन्न होत नाही. म्हणून नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन आहे, भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाने व्यक्ती-स्थळ-काळाच्या गाठी सुटलेला अनुभव आहे.

संभाजी महाराजांना आज कोणीही पाहिलेले नाही. पण सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका चालली आणि त्यातला चेहरा घराघरांत त्यांचा चेहरा झाला. ती भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ साली, मालिका चालू असतानाच, शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. वढू याच मतदारसंघात येते. मतदारांनी नटाला मत दिले की भूमिकेला, हा राजकारणाचा प्रश्न झाला. तत्त्वविचाराला एवढे पुरे आहे, की शंकुकाचा चित्रातला घोडा येथे चित्राबाहेर आला. रामनगरच्या रामलीलेत राम-लक्ष्मणांच्या भूमिका करणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हणतात आणि त्यांची आरती करतात. पण लीला संपली, मुकुट उतरला, की तो मुलगा पुन्हा घरचा मुलगा होतो. धर्मपरंपरेने मुकुट उतरवण्याचाही विधी ठेवला आहे. दूरचित्रवाणीला तसा विधी नाही.

अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतले एक असे, की प्रेक्षकाने समोरचे सुखदुःख माझे किंवा त्याचे, या स्थळाचे, या काळाचे असे घट्ट धरून बसणे. नाट्यगृहाची अंधारी जागा, नांदी, पडदा ही सगळी व्यवस्था या विघ्नावरचा उपाय आहे. पेडगावच्या तटात, ज्या मातीवरून धिंड निघाली तिच्यावर, त्या धिंडीचा प्रयोग लावला, की विघ्न मुद्दाम बोलावून आणल्यासारखे होते. तेथे प्रेक्षक म्हणतो: हे माझ्या राजाचे झाले, येथेच झाले. करुण रस निष्पन्न होण्याऐवजी राग उसळतो, आणि रागाला लगेच आजचा माणूस हवा असतो, कारण १६८९ चा हाती लागत नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात शेवटचा छळ दीर्घकाळ दाखवला आहे. महिनाभरात औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. एकट्या चित्रपटाला दोष देणे सोपे आहे आणि पुरेसे नाही. पण सात विघ्नांची यादी हजार वर्षे जुनी असताना ‘असे होईल वाटले नव्हते’ म्हणणेही कठीण आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. जागेची ओढ हेच विघ्न असेल, तर महानुभावांचे ओटे आणि वढूची समाधी यांचे काय? उत्तर असे, की स्मरणाला जागा हवी असते आणि नाट्याला जागा विसरायची असते. दोन्ही गोष्टी एकाच मंडपात कोंबल्या, की स्मरणाचा संयमही राहत नाही आणि नाट्याची मुक्तीही मिळत नाही. गोव्यात कासावलीजवळ ६ जानेवारीला आसपासच्या गावांतली तीन मुले घोड्यांवर बसून तीन राजे होतात आणि टेकडीवरच्या चॅपेलात जातात. तेथे हे जुळते, कारण बेथलेहेम दूर आहे आणि आनंदाचा प्रसंग आहे. मरणाच्या प्रसंगी मोजमाप बदलते.

यातनांचे स्मरण धर्मांनी टाळले असे नाही. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ गावाने १६३३ च्या प्लेगमध्ये नवस केला आणि १६३४ पासून तेथे ख्रिस्ताच्या यातनांचे नाट्य ठरावीक वर्षांनी होते. इराणात करबलाच्या प्रसंगाचे ताझिये नाट्य आहे. त्यात हुसेनचा वध करणाऱ्या शिम्राची भूमिका करणारा हातात संहितेचा कागद धरून बोलतो, म्हणजे ‘हा मी नव्हे’ हे सर्वांना दिसावे. आणि अनेकदा तो स्वतःच रडत असतो. मारेकऱ्याचे सोंग घेणाऱ्याला शोकात सामील करून घेण्याची ही युक्ती अत्यंत शहाणी आहे. मराठी महानाट्यात मोगल सरदार होणाऱ्या गावच्या पोराला असा आडोसा नसतो. प्रयोग संपेपर्यंत त्याने शिट्या आणि शिव्या खायच्या.

महाराष्ट्रात श्री शिवप्रतिष्ठान हिंदुस्थानच्या पुढाकाराने फाल्गुनात बलिदान मास पाळला जातो. तरुण महिनाभर अनवाणी चालतात, मुंडण करतात, चहा किंवा गोड किंवा आवडीचा एखादा पदार्थ सोडतात; अमावास्येला मूकपदयात्रा निघते. संघटनेच्या राजकारणाविषयी मते तीव्र आहेत आणि ती असोत. विधी म्हणून पाहिले तर हे सुतकाचे आणि व्रताचे रूप आहे, सोंगाचे नाही: कोणी संभाजी होत नाही, करणारा स्वतःकडून काही वजा करतो. मात्र व्रताचा अधिकार स्वतःपुरता असतो. ते पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याकडे बोट दाखवले, की व्रताची जागा मिरवणूक घेते.

वढूत मरणोत्तर विधींची आठवणही एक नाही. गोविंद गोपाळ महार यांनी देह एकत्र करून अंत्यसंस्कार केले ही एक परंपरा. शिवले घराण्याचे श्रेय सांगणारी दुसरी. समाधीजवळ दोन्हींच्या खुणा आहेत. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळांविषयीचा फलक उखडला गेला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार होऊन एक तरुण मारला गेला. येथे वाद संभाजी महाराजांचा नव्हता; त्यांना शेवटी हात कोणी लावला, याचा होता. ज्या समाजाच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, त्याने छत्रपतींचा देह उचलला, ही परंपरा त्या समाजासाठी केवळ माहितीचा तुकडा नाही. ती पुराव्याच्या तराजूत घालताना दुसरीही त्याच तराजूत घालावी लागते, आणि दोहोंपैकी कोणतीही फलक उखडून खोटी ठरत नाही. गावाने दोघांनाही एका ओळीत उभे केले तर इतिहासाचे काही बिघडत नाही. धर्माच्या दृष्टीने तर मृताच्या सेवेत स्पर्धा नसते.

राहिला शेवटचा प्रश्न, मरण दाखवण्याचा. भरताच्या नाट्यशास्त्रात दशरूपकांच्या विवेचनात स्पष्ट सांगितले आहे, की युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत. प्रवेशकातून, म्हणजे पात्रांच्या तोंडून सांगाव्या. १६८९ सालात या चारही गोष्टी आहेत. नोव्हेंबरात वेढ्यानंतर रायगडही पडला. आणि ऐतिहासिक सोहळ्याचा आयोजक आधी याच चार गोष्टींची तयारी करतो. मराठीला भरताचा नियम परका नाही. शाहीर हा आपला प्रवेशक आहे. अफझलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा शिवकाळापासून चालत आला, आणि त्याला अंगरखा, वाघनखे वा रंगवलेले रक्त लागले नाही. डफ, तुणतुणे आणि ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी पुरले. पोवाड्यात ‘कोणी म्हणतो असे, कोणी म्हणतो तसे’ हेही गाता येते, जे महानाट्याला जमत नाही. राज्याभिषेक, आरमार, बुऱ्हाणपूरची स्वारी यांचे देखावे खुशाल करावेत, पेडगावच्या तटात मर्दानी खेळही व्हावेत. वढूच्या अमावास्येला मात्र यातनांचा देखावा करू नये. तेथे शाहिराने सांगावे, आणि लोकांनी ऐकावे.